तुम्ही कुणाकडं शिकला?

इदरीस गेला त्या सकाळी मी अवरेकाळू सोलत बसले होते. थंडीत आमच्या बेंगळुरात घरोघरी हेच चालतं. वालाच्या ओल्या शेंगा फोडायच्या, दाणे भिजवायचे अन् एकेका दाण्याची साल काढत बसायचं. हात चिकट झालेले, त्यात फोन वाजला. इदरीसची मुलगी सादिया. "आत्त्या, अब्बा गेले." मी खुळ्यासारखी म्हटलं, "कुठं, देवनहळ्ळीला?" तिकडच्या अरबी कॉलेजात शिकवायला तो इतकी वर्षं रोज बसनं जायचा, म्हणून तोंडातून तेच आलं. आजारपणामुळं शेवटचे काही महिने तो खाटेवरून उठतसुद्धा नव्हता, हे मला ठाऊक नव्हतं का? पण तोंडाला काय ठाऊक! "न्हाई, आत्त्या," ती पोर म्हणाली, अन् मग मला समजलं.

त्याच्या शिवाजीनगरच्या गल्लीत मी पोचले तोवर पांढऱ्या टोप्यांनी रस्ता भरला होता. बायकांच्या खोलीत मला कुणीतरी जागा करून दिली. दुपारच्या नमाजानंतर त्याला नेलं. तिथूनच मी अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, फोन लावला. आमचं बोलणं बंद होतं. तरी लावला. "अण्णा, इदरीस गेला." तो म्हणाला, "अय्यो... मी त्याला सांगणार होतो ग. या आठवड्यात जाणारच होतो." मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे काय, आपटला.

अण्णा काय सांगणार होता, ते समजायला पहिल्यापासून सांगावं लागेल. पुण्या-मुंबईच्या वाचकांना आमची मराठी खडबडीत वाटेल, तेवढं स्वल्प सांभाळून घ्या. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. मराठी घरात, कन्नड दारात. आमचे अप्पा, प्रोफेसर हणमंतराव मोहिते, आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाले होते अन् चामराजपेटच्या घरात सगळ्यांना पिडत होते. आईनं त्यांना पिशवी देऊन मार्केटला पिटाळलं, तिथं त्यांना इदरीस सापडला. हा विशीतला पोरगा, दाढी नुकती फुटलेली, मदरशाच्या भटारखान्यासाठी लिंबं घेत होता. दुकानदाराशी कन्नड, बरोबरच्या मित्राशी उर्दू, पण लिंबं मोजताना आपसूक, "अकरा, बारा, तेरा..." अप्पा तिथंच थांबले. माणूस कुठंही जावो, मोजतो आईच्या भाषेत. इदरीस निपाणीकडचा होता.

अप्पांनी विचारलं काय शिकतोस, अन् त्या पोरानं भर बाजारात आपलं दुखणं सांगितलं. त्यांच्या मदरशात अरबीत एक जुनं पुस्तक होतं, आकाशाच्या गणिताचं. सूर्य कुठं, छाया किती, काब्याची दिशा कशी काढायची. पूर्वी ते आलिम, म्हणजे धर्मपंडित, होणाऱ्या प्रत्येकाला शिकवत. आता नुसतं वाचून पुढं जायचे. आकृती आली की उस्ताद म्हणायचे, हे आता कुणाला समजत नाही, पान उलट. "पान उलटवत न्हाई वो मला," इदरीस म्हणाला. झालं! अप्पांना तेवढंच हवं होतं. भाजी राहिली बाजारातच.

दुसऱ्या दिवशी तो आला, पुस्तक धुतलेल्या फडक्यात बांधून. खुर्ची दिली तर बसेना, सतरंजीवर मांडी घालून बसला. अप्पांनी खडू हातात घेतला, तर हा म्हणतो कसा, "सर, आधी एक सांगा. तुम्ही कुणाकडं शिकला?" अप्पांनी ऐटीत आपल्या कॉलेजचं नाव सांगितलं. हा मान हलवत म्हणाला, "कॉलेज न्हवं. माणूस."

आयुष्यात अप्पांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. डिग्री विचारली, पगार विचारला, जात तर विचारलीच विचारली. ते जरा गडबडले. म्हणाले, "धारवाडचे देशपांडे मास्तर." "अन् ते कुणाकडं शिकले?" अप्पांना ठाऊक नव्हतं. तेव्हा इदरीसनं समजावून सांगितलं की त्यांच्यात पुस्तक कुणीही वाचावं, पण दुसऱ्याला शिकवायचं असेल तर ते आपल्यापर्यंत कुणाच्या तोंडून आलं ते सांगता आलं पाहिजे. ह्यानं त्याच्याकडून, त्यानं त्याच्याकडून, पार मागपर्यंत. पुस्तक संपतं त्या शेवटच्या दिवशी उस्ताद ही सगळी नावं भर वर्गात म्हणतो, सनदेवर लिहून देतो अन् शिष्याला शिकवायची इजाजत देतो. तोवर ती नावं उस्तादाच्या पोटात. मधलं एक नाव गाळलं की पुढचं सगळं ऐकीव. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता अप्पा हसतील. ते हसले नाहीत.

मग सुरू झाला तो दोघांचा संसार. पुस्तक अरबी, बोलणं मराठी, भांडण कन्नडमध्ये. एक आख्खी दुपार दोघं एका आकृतीवरून तणतणत होते. अप्पा म्हणत, तुमच्या ग्रंथकाराला अक्कल नाही. इदरीस कान लाल करून म्हणे, एवढ्या पिढ्या शिकल्या त्या काय मूर्ख होत्या? शेवटी कळलं, आकृतीवरची अक्षरं अप्पा डावीकडून वाचत होते, अन् ती होती उजवीकडून. पूर्व-पश्चिमेची उलटापालट. अप्पांच्या हिशेबानं सूर्य पूर्वेकडच्या कृष्णराजपुरमला मावळत होता! दोघं इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

आईचंही सांगायला हवं. लपवून काय करू? पहिली काही वर्षं तिनं इदरीसला कॉफी वेगळ्या लोट्यातून दिली. तो लोटा तो स्वतः मोरीवर विसळायचा अन् खिडकीत पालथा घालायचा. अप्पांना हे दिसत नव्हतं, मला दिसत होतं, इदरीसला तर दिसतच होतं. पुढं केव्हातरी तो लोटा बाकीच्या लोट्यांत मिसळला. कुणी मिसळला, ठाऊक नाही. आईनंच, असं मी धरून चालते.

नावं शोधायला अप्पांना वर्षं लागली. लोक काशीला जातात, आमचे अप्पा धारवाडला गेले, बेळगावला गेले, म्हाताऱ्या वर्गमित्रांच्या उशाशी बसून विचारत राहिले की आपले मास्तर कुणाकडं शिकले रे. एकेक नाव मिळालं की येऊन इदरीसला सांगायचे, अन् हा डोळे मिटून ते मागच्या नावांना जोडायचा. मला आठवतं, त्यात कुठंतरी कोल्हापूरकडचे एक जैन पंडित होते. एक पाद्री होता. मी एकदा म्हटलं, लिहून ठेवा की कुठं. अप्पा म्हणाले, "लिहायचं कशाला? ह्याच्याकडं आहे." एवढा विश्वास त्यांनी आम्हां दोघा पोरांवर कधी टाकला नाही, हे खरं.

अप्पा गेले तेव्हा ओसरीवर त्यांना ठेवलं होतं अन् इदरीस फाटकाबाहेर उभा. आत यावं की न यावं, त्याला कळेना. मी जाऊन त्याला हाताला धरून आणलं. म्हटलं, ती नावं म्हण. तो अप्पांच्या पायाशी बसला अन् हलक्या आवाजात म्हणू लागला. हणमंतराव मोहित्यांनी धारवाडच्या देशपांडे मास्तरांकडून, त्यांनी... मला एवढं रडू येत होतं की पुढचं मी ऐकलं अन् ऐकलंही नाही. अण्णा शेजारीच होता. त्यानं इदरीसचा खांदा धरला होता, "तूच त्यांचा खरा मुलगा," असंही म्हणाला होता. अण्णा वाईट माणूस नाही, हे मला इथं सांगून ठेवायचंय, कारण पुढं मी त्याच्यावर चिडणार आहे.

त्यानंतर इदरीसनं एकच ध्यास घेतला. देवनहळ्ळीच्या वाटेवरच्या त्या कॉलेजात तो हदीस शिकवायचा. मुलं आलिम होऊन बाहेर पडतात अन् त्यांना बाहेरचं जग समजत नाही, बाहेरच्या जगाला ती समजत नाहीत, ह्यानं त्याला झोप यायची नाही. पुढचा एक वरचा वर्ग हवा. सकाळी धर्मशास्त्र, दुपारी गणित अन् आकाशशास्त्र, आठवड्यातून एकदा राज्यघटना, अन् गीता समजावून द्यायला संस्कृतचे मास्तर, बायबलसाठी एक फादर. कमिटीतले थोर लोक म्हणायचे, मौलाना, मुलांना बिघडवणार काय? त्यावर ह्याचं ठरलेलं, "शेजाऱ्याच्या घरात काय शिजतं ते नुसत्या वासावरून का ठरवता? जाऊन विचारा की." बाहेरच्यांचं वेगळंच, मदरशात काय चालतं देव जाणे! त्यालाही तो तेच म्हणायचा. इकडं आड, तिकडं विहीर, अन् हा मधल्या काठावरून चालत राहिला. केस पांढरे झाले तेव्हा कुठं परवानगी मिळाली. वरच्या मजल्यावर एक खोली. मुलं पुढं, पडद्याच्या पलीकडं मुली, त्यांत सादिया. अप्पांबरोबर सोडवलेलं ते पुस्तक त्यानं पहिल्यांदा वर्गात उघडलं. त्या दिवशी मला फोन करून म्हणाला, "अक्का, आज सर पायजे होते बघा."

पुस्तक संपायला आलं. शेवटच्या दिवसाची पत्रिका छापली, तीत परंपरेतलं फक्त अप्पांचं नाव आलं. कमिटी कुरकुरली. एका ज्येष्ठांनी सुचवलं की मौलाना, तुम्ही स्वतःपासून सुरुवात करा, मागचं कशाला? हा म्हणाला, "मग मी काय आभाळातून पडलो?" तिथं तो अडून बसला, अन् त्यांना गप्प बसावं लागलं. पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं झालं. त्या पत्रिकेचा फोटो कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. वर लिहिलं, बघा, मदरशात हिंदू प्रोफेसरचं नाव, हा माणूस कधी अन् कसा बाटला? फिरत फिरत तो सर्जापूर रोडच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर पोचला, जिथं अण्णा मुलाकडं राहतो. अन् अण्णाच्या नातीचं, मेघनाचं, लग्न ठरत होतं. नवऱ्या मुलाकडच्यांचा फोन आला. अगदी गोड आवाजात विचारलं म्हणे, तुमच्या वडिलांचं काहीतरी ऐकलं...

अण्णा गेला इदरीसकडं. मला न सांगता गेला.

शेवटच्या दिवशी मी हौसेनं नवी साडी नेसून त्या कॉलेजात गेले होते. पडद्याच्या ह्या बाजूला सादियाच्या शेजारी बसले. खाली बिर्याणीचा दम लागलेला, मुलांच्या डोक्यांवर नव्या टोप्या. इदरीसनं शेवटची आकृती फळ्यावर काढली, सिद्ध केली, हात झटकले. आता नावं म्हणणार म्हणून सगळी पोरं सरसावून बसली. त्यानं एकदा वर बघितलं. मग पुस्तक मिटून म्हणाला, "आज एवढंच." पोरं एकमेकांकडं बघायला लागली. तो म्हणाला, "इजाजत पुढं देईन. थोडं थांबा. देणार हाय मी." अन् चप्पल शोधत बाहेर पडला.

मी त्याला जिन्यात गाठलं. "काय रे मेल्या, हे काय?" तेव्हा त्यानं सांगितलं. "अण्णा आले होते, अक्का. हात जोडले वो त्यांनी. सरांच्या मुलानं माझ्याफुडं हात जोडावेत?" त्यांच्यात उस्तादाच्या मुलाचा मान उस्तादाएवढाच. कमिटीपुढं न वाकलेला माणूस तिथं वाकला. त्यानं शब्द दिला होता, घरचे हो म्हणेपर्यंत ते नाव तोंडातून काढणार नाही. मी म्हटलं, "मग माझी परवानगी आहे! मी काय अप्पांची कुणी नव्हे?" तो म्हणाला, "हाय की. पर घरात दोन तोंडं असताना मी कुठल्या तोंडानं नाव घेऊ?" "मग अप्पांना सोडून बाकीचं म्हण." तो माझ्याकडं अशा नजरेनं बघू लागला की मीच वरमले. "मधली कडी काढून साखळी कशी वो व्हईल, अक्का?"

मी तशीच सर्जापूर रोडला गेले. अण्णाला जे बोलायचं ते सगळं बोलले. "अप्पांचं नाव म्हणजे शिवी आहे का रे?" तो म्हणाला, "तुला काय! तुला त्या लोकांबरोबर रोज लिफ्टमधून जायचं नसतं." मग मऊ होऊन म्हणाला, "मेघनाचं लग्न तेवढं होऊ दे, वत्सू. मग मी स्वतः जाऊन त्याला सांगतो, खुशाल म्हण." ती भीती खोटी नव्हती, मला दिसत होती. पण भीती खरी असली म्हणून तिचं ऐकायचं असतं का? आमचं बोलणं तिथं तुटलं.

लग्न झालं. थाटात झालं. मग पाहुणे होते, मग अण्णाची कंबर धरली, मग पुढच्या आठवड्यात. इकडं कॉलेजनं तो वर्गच बंद केला. वातावरण ठीक नाही, पुढं बघू, असं कारण दिलं. खोलीत मोडकी बाकं रचून ठेवली. इदरीसचं हृदय आधीच कमजोर, तो खचत गेला. मी जायची तेव्हा तो कधीच थेट विचारायचा नाही. नुसतं म्हणायचा, "अण्णा बरे हाईत न्हवं?" त्या विचारण्यात काय होतं ते मला कळत होतं, त्यालाही ठाऊक होतं मला कळतंय ते. एकदा मी म्हटलं, निदान माझ्या कानात तरी सांग ती नावं. तो हसला. "शब्द दिलाय वो. अन् घाई काय? अण्णा येतीलच की." माणसाचा एवढा भरवसा बघून राग यावा, असा तो होता. सादियालाही घरात त्यानं कधी सांगितली नाहीत. त्या दिवशी सगळ्यांबरोबर ऐक, म्हणायचा.

तो दिवस आलाच नाही.

गेल्या रविवारी सादिया आमच्याकडं आली. अण्णाही आला होता. इदरीस गेल्यापासून तो सारखा येऊन बसतो, चहा गार होऊ देतो. मीही त्याला जा म्हणत नाही. सादियानं सांगितलं, मुलींच्या एका कॉलेजनं तिला तेच पुस्तक शिकवायला बोलावलंय. "अब्बांनी इजाजत देऊन ठेवली न्हाई. जुन्या उस्तादांना विचारलं, ते म्हणाले, जिथून हे शिक्षण आलं त्या घरातून इजाजत मिळाली तर चालेल, पण नावं सगळी पायजेत. म्हणून आले, आत्त्या."

मी बोलायच्या आत अण्णा ताडकन उठला. त्याचे डोळे भरले होते. "घे, पोरी, खुशाल घे! माझी परवानगी आहे. अप्पांचं नाव मोठ्यानं घे, माईक लावून घे. कोण काय म्हणतो बघतो मी." बैल गेला अन् झोपा केला, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या तोंडाकडं बघून गिळलं.

"सरी, चालेल," सादिया म्हणाली. ओढणी नीट करून, मांडी घालून ती खाली सतरंजीवर बसली अन् उजव्या हाताची बोटं मोजायला उघडली. "सांगा."

"आमचे अप्पा, हणमंतराव मोहिते," अण्णा म्हणाला. तिनं करंगळी मिटली. "अप्पांचे गुरुजी, धारवाडचे देशपांडे मास्तर." दुसरं बोट मिटलं.

अण्णा थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. एक जैन पंडित होते, एवढं मला ठाऊक. एक पाद्री होता. आधी कोण, नंतर कोण, नाव काय, गाव कुठलं, मध्ये आणखी किती... विचारायचं तर कुणाला? अप्पांनी ज्यांच्या उशाशी बसून विचारलं होतं, ती माणसं कधीच गेली. जगात एका माणसाला ते ठाऊक होतं, अन् त्याला आम्ही गप्प बसवलं होतं.

"आणि त्यांनी कुणाकडून, अण्णा?" सादियानं अगदी आदरानं विचारलं. तिसरं बोट तिनं अर्धं मिटून धरलं होतं.

आम्ही दोघं भाऊबहीण त्या बोटाकडं बघत बसलो.